इंदूर ते मुंबई : एका अंतराचा इतिहास

इंदूर आणि मुंबई या दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाला आजही एकच एक उत्तर देता येत नाही. विमानाने मोजले तर ते सुमारे ५०६ किलोमीटर भरते, आग्रा रोडने गेले तर ५९० किलोमीटरांच्या आसपास जाते, खांडव्यावरून जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाने ते सुमारे ७०० किलोमीटर होते आणि रतलाम–बडोद्यावरून जाणाऱ्या आजच्या रेल्वेमार्गाने ८३० किलोमीटरांपर्यंत पोहोचते. यांपैकी पहिले अंतर भूगोलाने ठरवलेले आहे. उरलेली तीन माणसांनी ठरवलेली आहेत, आणि ती ठरवताना नदी, घाट, जकात, कर्ज, रेल्वे कंपन्यांचा नफा आणि राज्यांच्या सीमा या सर्वांनी आपापला वाटा उचललेला आहे. माळव्यातील मराठी समाजाचा दख्खनशी असलेला संबंध अभ्यासताना लढाया, तह आणि सनदा यांचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु हा संबंध ज्या वाटांवरून चालला त्या वाटांचा आणि त्यांवर खर्च होणाऱ्या वेळाचा इतिहास स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे, कारण त्यात एक गोष्ट सातत्याने आढळते: प्रवासाचा काळ जितका चालण्यात गेला, त्याहून अधिक तो थांबण्यात गेला.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेची लांबी होय. गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या पातळीने पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्यास महावृत्त म्हणतात, आणि ही आखूड रेषा नेहमी अशा एखाद्या महावृत्ताचा तुकडा असते. इंदूरचा विमानतळ सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९.१ अंश अक्षांशावर आणि ७२.९ अंश रेखांशावर आहे. या आकड्यांवरून गणित मांडले की ५०६ किलोमीटर, म्हणजेच वैमानिकांच्या भाषेत २७३ सागरी मैल, हे अंतर मिळते. पुण्याचे अंतरही याच रीतीने सुमारे ५०० किलोमीटर निघते. म्हणजे पेशव्यांची जुनी राजधानी आणि इंग्रजांच्या मुंबई इलाख्याची राजधानी ही दोन्ही शहरे इंदुरापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. मात्र या सरळ रेषेवर सह्याद्री, तापीचे खोरे, सातपुडा, नर्मदा आणि विंध्य हे एकामागून एक आडवे पसरलेले असल्यामुळे विमान येईपर्यंत त्या रेषेवरून कोणीही प्रवास करू शकले नाही.

अठराव्या शतकात अंतर कोसांत आणि प्रवास मजलांत मोजला जाई. कोस हे माप प्रदेशागणिक बदलत असले तरी साधारणपणे दोन मैलांचा, म्हणजे सव्वातीन किलोमीटरांचा कोस धरला जातो. मजल म्हणजे एका दिवसात उरकायची वाट, जिच्या शेवटी पाणी, वैरण आणि मुक्कामाची सोय असावी लागे. दख्खनेतून माळव्यात उतरणाऱ्या फौजांचा मार्ग खानदेशातून सातपुडा ओलांडून नर्मदेच्या उतारांकडे जाई. उतार म्हणजे नदीचे पाणी जेथे पायी किंवा घोड्यावरून पार करण्याजोगे उथळ असते ती जागा. अकबरपूर, महेश्वर, मंडलेश्वर आणि रावेरखेडी ही अशा उतारांची आणि घाटांची नावे मराठी कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. बाजीराव पेशव्याचा भाऊ चिमाजी अप्पा याने नोव्हेंबर १७२८ मध्ये नर्मदा ओलांडली आणि २९ नोव्हेंबर रोजी अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. बाजीरावाचा मृत्यू २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे नर्मदेच्या काठीच झाला. पावसाळ्यात नदी फुगली की उतार बंद होत, नावा अपुऱ्या पडत आणि फौज, व्यापारी किंवा यात्रेकरू यांना पाणी ओसरेपर्यंत काठावर पडून राहावे लागे. म्हणून मोहिमांचे वेळापत्रक दसऱ्यानंतरच सुरू होई. त्या काळी इंदूर–पुणे प्रवासाचा काळ सांगायचा झाला तर दिवसांबरोबर ऋतूही सांगावा लागे.

माणसांपेक्षा कागद वेगाने धावत. पत्रे पोचवणारे जासूद जोडीने पाठवले जात, म्हणजे एकाला वाटेत काही झाले तरी दुसरा पुढे जाऊ शके. अधिक घाई असेल तर सांडणीस्वार, म्हणजे वेगवान उंटिणीवरून जाणारा स्वार, रवाना होई. या व्यवस्थेचा वेग किती होता याचा एक प्रसिद्ध दाखला उपलब्ध आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि तिची बातमी देणारे सावकारी पत्र नानासाहेब पेशव्यांच्या हाती २४ जानेवारीस माळव्यातील भेलशाजवळ (आजचे विदिशा) पडले. पानिपत ते भेलसे हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ६६० किलोमीटर आहे, म्हणजे पत्राने दररोज किमान पासष्ट किलोमीटर मजल मारली, आणि तीही युद्धाने विस्कटलेल्या मुलखातून. बैलगाड्यांचा तांडा याच काळात दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चाले. इंदुराहून कोकणपट्टीपर्यंत जायला त्याला महिन्याच्या आसपास वेळ लागे. एकाच वाटेवर असा दोन वेगांचा भेद असल्यामुळे सत्ता आणि सावकारी या दोन्ही गोष्टी ज्यांच्या हाती कागद आधी पडे त्यांच्या बाजूने झुकत. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वर ही राजधानी केल्यावर महेश्वर ते पुणे अशी डाक १७८३ च्या सुमारास ठेक्याने चालवण्याची व्यवस्था केली, याचे कारण हेच होते. पेशव्यांच्या दरबारातील वकिलाकडून येणारी बातमी चार दिवस उशिरा आली तर ती बातमी राहत नसे.

होळकर आणि इंग्रज यांच्यातील मंदसौरच्या तहानंतर, म्हणजे ६ जानेवारी १८१८ नंतर, होळकरांची राजधानी इंदुरास आली, शेजारी महू येथे इंग्रजांची छावणी बसली आणि माळव्याचे तोंड पुण्याऐवजी मुंबईकडे वळले. हे वळण प्रथम घडवले ते अफूने. माळव्यातील अफू चीनमध्ये विकली जाई आणि ती बंदरापर्यंत नेण्याचा सर्वांत जवळचा मार्ग खानदेशातून मुंबईस येणारा होता. परंतु कंपनी सरकारने बंगालच्या अफूचा भाव टिकवण्यासाठी या मार्गावर बंधने घातल्याने व्यापाऱ्यांनी माल उलट दिशेने, मारवाडातील पाली, जैसलमेर आणि कराची या मार्गाने नेऊन तेथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला उतरवण्यास सुरुवात केली. दमण मुंबईच्या उत्तरेस किनाऱ्यावर आहे. म्हणजे जो माल थेट दक्षिणेस उतरू शकला असता तो आधी वायव्येकडे वाळवंटातून आणि मग समुद्रावरून परत दक्षिणेस येत होता, आणि तरीही तो स्वस्त पडत होता. १८३१ पासून सरकारने मुंबईमार्गे अफू नेण्याचे परवाने देण्यास सुरुवात केली, तेव्हा दर पेटीस १७५ रुपये परवाना-शुल्क ठेवले. पेटी म्हणजे सुमारे १४० पौंड, अर्थात साडेत्रेसष्ट किलो वजनाचा माल. एवढ्या शुल्कामुळे माल दमणकडेच वळत राहिल्याने १८३५ मध्ये ते १२५ रुपयांवर आणावे लागले. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कराचीची वाट बंद झाली, तसे हे शुल्क पुन्हा वाढू लागले आणि पुढे अनेक पटींनी चढले. मार्ग लांब की आखूड हे किलोमीटरांवरून ठरत नाही, त्यावर बसणाऱ्या आकारणीवरून ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण माळव्याच्या इतिहासात दुसरे नाही.

अफू, कापूस आणि फौज यांच्या गरजेतून मुंबई–आग्रा मार्गाची पक्की सडक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकारास आली. मुंबईहून ठाणे, कसाऱ्याचा थळ घाट, नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा, खलघाटाजवळ नर्मदा, विंध्याची चढण, महू आणि इंदूर असा तिचा क्रम आहे. तिचे नाव दोन्ही टोकांना टिकून आहे: इंदुरात ती आजही ए. बी. रोड म्हणून ओळखली जाते आणि मुंबई–ठाण्याच्या पट्ट्यात जुना आग्रा रोड हे नाव लाल बहादूर शास्त्री मार्ग झाल्यानंतरही लोकांच्या तोंडी राहिले. या सडकेला लागूनच १८५४ मध्ये आग्र्याहून मुंबईकडे येणारी तार टाकली गेली, आणि अंतराच्या इतिहासात प्रथमच बातमी व माणूस यांच्या वेगातील फरक दिवसांवरून मिनिटांवर आला.

या फरकाचे परिणाम तीन वर्षांतच दिसले. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच रात्री महूच्या पलटणींनी उठाव केला. उत्तरेतील उठावाची वार्ता मुंबईस तारेने आधीच पोचलेली होती आणि जून महिन्यातच पुण्याहून माळव्याकडे एक फौज निघालेली होती. तरीही ती वाटेत औरंगाबादला अडकून, पावसाने चिखल झालेल्या काळ्या मातीतून तोफा ओढत महूला पोचली ती २ ऑगस्ट १८५७ रोजी. त्याच वर्षी कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने पायी निघाले आणि महूच्या जवळ पोचताच या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. बंडाच्या आठवणींसाठी ते वाचले जाते, परंतु मुंबई–माळवा मार्गावर एक सामान्य ब्राह्मण प्रवासी कोठे थांबे, काय खाई, कोणाबरोबर चाले आणि कोणाच्या भीतीने आडवाट धरी, याचाही तो एक अव्वल कागद आहे.

रेल्वेने अंतर कमी केले असे सरसकट म्हटले जाते. इंदूरच्या बाबतीत हे विधान दुरुस्त करून घ्यावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे १८५३ मध्ये मुंबई–ठाणे गाडी सुरू करणारी कंपनी, भुसावळ–खांडवा मार्गे १८७० मध्ये जबलपूरपर्यंत पोचली आणि मुंबई–कलकत्ता हा सलग मार्ग तयार झाला. मात्र या मुख्य मार्गाने माळव्याचे पठार टाळले व इंदूर त्याच्या बाजूला राहिले. तेव्हा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. कर्जाची मुदत १०१ वर्षांची होती, व्याजाचा दर वर्षाला साडेचार टक्के होता आणि त्याचा उद्देश खांडव्यापासून इंदूरपर्यंत लोहमार्ग बांधणे हा होता. एतद्देशीय संस्थानिक सरकारला कर्ज देतो आणि त्या कर्जातून सरकार त्याच्याच राजधानीपर्यंत रेल्वे आणते, ही व्यवस्था तत्कालीन हिंदुस्थानात असाधारण होती. होळकर स्टेट रेल्वे या नावाने ओळखल्या गेलेल्या या मार्गाचा खांडवा–सनावद हा पहिला टप्पा १८७४ मध्ये सुरू झाला, बडवाह–मोरटक्क्याजवळचा नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये खुला झाला आणि १८७८ च्या सुमारास विंध्याचा घाट पार करून संपूर्ण मार्ग चालू झाला. नर्मदेच्या उतारावर पाणी ओसरण्याची वाट पाहण्याचा जो काळ शतकानुशतके प्रवासात धरावा लागे, तो या पुलाने कायमचा वजा केला. वेगापेक्षाही हा लाभ मोठा होता.

परंतु एक थांबा गेला आणि दुसरा आला. मुंबई–खांडवा मार्ग ब्रॉडगेज होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर १.६७६ मीटर होते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी होळकर मार्ग मात्र एक मीटर रुंदीचा, म्हणजे मीटरगेज बांधण्यात आला. एका रुंदीचा डबा दुसऱ्या रुंदीच्या रुळावर चालू शकत नसल्यामुळे खांडव्याला प्रत्येक प्रवाशाला उतरावे लागे, हमालाच्या डोक्यावर वळकटी आणि ट्रंक देऊन दुसऱ्या गाडीपर्यंत चालावे लागे आणि तिच्या वेळेपर्यंत फलाटावर बसावे लागे. मालाच्या बाबतीत तर कापसाचा एकेक गठ्ठा एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. पुढे महूच्या अलीकडे कालाकुंड ते पातालपाणी हा घाट लागे. त्याची चढण चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, अशी असल्याने कालाकुंडला गाडीच्या मागे ढकलणारे जादा इंजिन जोडले जाई. ते जोडेपर्यंत प्रवासी खाली उतरून पळसाच्या पानावर मिळणारा तेथला कलाकंद घेत. पातालपाणीजवळ गाडी क्षणभर थांबवून तंट्या भिल्लाला, म्हणजे १८८९ मध्ये जबलपूरला फाशी गेलेल्या निमाडच्या बंडखोराला, मान देण्याची रीत चालकांनी पुढे अनेक वर्षे पाळली. मुंबई ते इंदूर हा सुमारे ४४० मैलांचा प्रवास महिन्यावरून एका अहोरात्रावर आला हे खरे. परंतु त्या अहोरात्राचा बराच भाग गेजबदल, घाट आणि जोडगाडीची प्रतीक्षा यांत जाई.

या काळात प्रवासाचा वेळ मोजणे हेही सोपे राहिले नव्हते, कारण घड्याळे एक नव्हती. सूर्य माथ्यावर आल्यावर बारा वाजले असे मानून चालणारी स्थानिक वेळ रेखांशानुसार बदलते. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने इंदूरची वेळ मुंबईच्या सुमारे बारा मिनिटे पुढे होती. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चाले, जी मुंबईच्या अर्धा तास आणि इंदूरच्या सुमारे अठरा मिनिटे पुढे होती. त्यामुळे मुंबईच्या घड्याळाप्रमाणे निघून इंदूरच्या घड्याळाप्रमाणे पोचणाऱ्या प्रवाशाला वेळापत्रकातील आकडे दोनदा दुरुस्त करून घ्यावे लागत. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहराने तरीही आपली स्वतंत्र वेळ पुढे जवळजवळ अर्धे शतक जपली.

होळकर रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी राजपुताना–माळवा रेल्वेत विलीन झाली आणि १८८५ पासून तिचे चालन बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीकडे आले. या कंपनीची स्वतःची मुख्य वाहिनी मुंबईहून सुरत, बडोदा अशी गुजरातमधून जात होती, तर खांडव्याला येणारा मुंबईचा मार्ग प्रतिस्पर्धी कंपनीचा होता. गोध्रा–रतलाम हा ब्रॉडगेज मार्ग १८९० च्या दशकात पूर्ण झाल्यावर इंदूरच्या प्रवाशाला रतलामला गाडी बदलून बडोद्यामार्गे मुंबईस जाण्याची दुसरी वाट मिळाली. ती लांब होती, परंतु तिच्या मुंबईच्या टोकापर्यंतचा प्रवास एकाच व्यवस्थेच्या हाती होता, आणि कालांतराने तीच मुख्य ठरली. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली आणि १९३५ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली इंदुरात मराठी साहित्य संमेलने भरली, तेव्हा पुण्या-मुंबईचे रेल्वेने येणारे साहित्यिक खांडव्याला नाहीतर रतलामला गाडी बदलूनच इंदुरात उतरले असले पाहिजेत, कारण बिनबदल येणारी गाडीच नव्हती. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील संमेलनाला येणाऱ्यांना हा त्रास पडला नाही. १९६० च्या दशकात उज्जैन–देवासमार्गे ब्रॉडगेज इंदूरपर्यंत पोचली होती आणि मुंबई सेंट्रल–इंदूर अवंतिका एक्सप्रेससारख्या गाड्यांनी हा प्रवास एका रात्रीचा केला होता. या सोयीची किंमत मात्र नकाशावर स्पष्ट दिसते: नैऋत्येस असलेल्या मुंबईला जाण्यासाठी गाडी आधी उत्तरेकडे उज्जैनला जाते, तेथून नागदा व रतलाम गाठते आणि मग गुजरातमधून दक्षिणेस उतरते. ५०६ किलोमीटरांच्या सरळ अंतरासाठी ८३० किलोमीटर, म्हणजे दीड पटीहून अधिक वाट चालून प्रवासी सकाळी इष्टस्थळी पोचतो, आणि रात्री झोपेत हा वळसा पार पडत असल्यामुळे त्याला तो जाणवतही नाही. खांडव्याची जुनी मीटरगेज वाट २०२३ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. पातालपाणी–कालाकुंड एवढा तुकडा पर्यटकांच्या गाडीसाठी जपला गेला.

हवाई मार्गाचा आरंभही मुंबईशीच निगडित आहे. टाटांची हवाई टपालसेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची–मुंबई अशी सुरू झाली आणि तिचा पुढील मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने उडवला. याच व्हिन्सेंटना होळकर दरबाराने १९३५ मध्ये इंदूरच्या विमानतळासाठी जागा सुचवण्याचे काम दिले आणि शहराच्या पश्चिमेस बिजासन टेकडीजवळची जागा निवडली गेली. गादीवर तेव्हा यशवंतराव होळकर दुसरे होते, ज्यांच्या माणिकबाग राजवाड्यात युरोपातील आधुनिक रचनाकला अवतरली होती. ६ नोव्हेंबर १९३७ रोजी टाटांनी मुंबई–दिल्ली सेवा सुरू केली ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर या थांब्यांसह. हे तिन्ही थांबे संस्थानी मुलखात होते. त्या काळातील लहान विमानांना एका दमात मुंबई–दिल्ली गाठणे सोयीचे नव्हते, आणि इंदूर ही त्यांची पहिली नैसर्गिक मजल ठरली. जासुदांच्या जोड्या ज्या प्रदेशातून धावत, त्याच प्रदेशात आता विमान इंधनासाठी उतरू लागले. संस्थानाचे मध्य भारतात विलीनीकरण झाल्यावर २६ जुलै १९४८ पासून दिल्ली, ग्वाल्हेर आणि मुंबईशी नियमित सेवा चालू झाली, १९५० मध्ये विमानतळ केंद्र सरकारकडे गेला आणि १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर इंडियन एअरलाइन्सने हा मार्ग चालवला. अधिक पल्ल्याची विमाने आली तसा मुंबई–दिल्ली प्रवासी इंदूरच्या डोक्यावरून निघून जाऊ लागला. वेगवान साधनामुळे मधले गाव दूर पडते, ही रेल्वेच्या मुख्य मार्गाने एकदा घडवलेली गोष्ट विमानानेही पुन्हा घडवली. १९९० च्या दशकानंतर खासगी कंपन्या आल्यावर आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाल्यावर इंदूर हे पुन्हा स्वतंत्र ठिकाण म्हणून हवाई नकाशावर ठसले. १५ जुलै २०१९ रोजी येथून दुबईला पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण झाले. दुबईचे हवाई अंतर सुमारे २१०० किलोमीटर आहे. लंडन सुमारे ७१०० आणि न्यूयॉर्क सुमारे १२३०० किलोमीटर दूर आहे. या दोन शहरांत स्थायिक झालेल्या इंदूरच्या मराठी कुटुंबांना घरी येताना आजही मुंबईत, दिल्लीत किंवा आखातात विमान बदलावे लागते, म्हणजे खांडव्याचा फलाट त्यांच्यासाठी तेथे सरकला आहे.

विमानप्रवासाचा काळ सांगताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. वेळापत्रकात छापलेला काळ हा केवळ उडण्याचा नसतो. उभ्या विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावेपर्यंतचा काळ त्यात धरतात. इंदूर–मुंबई मार्गावर हा काळ सव्वा ते दीड तास दाखवला जातो, ज्यात प्रत्यक्ष हवेतील वेळ तासाच्या आसपास असतो आणि उरलेला धावपट्टीपर्यंत सरपटण्यात व मुंबईच्या गर्दीत उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या घालण्यात जातो. विमानतळावर दोन तास आधी पोचणे, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट पाहणे आणि दोन्ही शहरांतील रस्त्यांवरचा वेळ मिळवला, तर घरापासून घरापर्यंतचा प्रवास पाच-सहा तासांचा होतो. त्याच अंतरासाठी आग्रा रोडने जाणारी रात्रीची ट्रॅव्हल्स बस दहा-बारा तास घेते. ती सेंधव्याजवळ जेवणासाठी थांबते, बिजासन घाटात राज्याची सीमा ओलांडते आणि पहाटे कसारा उतरते. याचा अर्थ सडकेपेक्षा विमान दहा पट वेगाने उडत असले तरी प्रवाशाचा वेळ जेमतेम निम्म्यावर येतो.

या सर्व मार्गांपैकी सर्वांत जुना आणि सरळ मार्ग, म्हणजे खानदेशातून सातपुडा ओलांडून नर्मदेवर उतरणारा, रेल्वेविना राहिला. इंदूर–मनमाड लोहमार्गाची मागणी अनेक दशके होत राहिली. सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव येथील व्यापारी आणि इंदूरमधील संस्था तिचा पाठपुरावा करत राहिल्या, परंतु दोन राज्ये, दोन डोंगररांगा आणि मोठा खर्च यांमुळे ती कागदावरच राहिली. अखेर २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटर लांबीच्या या मार्गास १८,०३६ कोटी रुपये खर्च धरून मंजुरी दिली; त्यावर ३० नवी स्थानके असतील आणि तो २०२८-२९ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. तो पूर्ण झाल्यास मुंबईची बिनबदल गाडी प्रथमच उज्जैन आणि गुजरातचा वळसा न घालता इंदुरास येईल. मराठी फौजा, जासूद, अफूच्या पेट्या आणि विष्णुभट गोडशांसारखे पांथस्थ ज्या पट्ट्यातून माळव्यात गेले, त्या पट्ट्यात रूळ टाकण्याचा निर्णय होण्यास तुकोजीरावांच्या कर्जानंतर १५४ वर्षे लागली.